कायद्याच्या आधी आणि कायद्यानंतर

(मार्च १९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "मी कशावर बोलू?" ते म्हणाले, "सदतीस-अडतीस वर्षं शाळेत शिकवलंस आणि दर निवडणुकीला ड्युटी केलीस. मतदानावर बोल. फक्त राजकारण नको." मी हो म्हटलं. नंतर लक्षात आलं, मतदानावर बोलायचं आणि राजकारण नको, हे मीठ न घालता पिठलं करण्यासारखं आहे. तरी पक्षाचं राजकारण आणणार नाही, एवढा शब्द देते.

मला सांगायचंय ते असं की, मताचा हक्क कायद्यात येतो कसा. आपल्याला शाळेत नागरिकशास्त्र होतं वीस गुणांचं. त्यात कलमं होती, वयाच्या अटी होत्या. पण ती कलमं कोणी मागितली, कोणी अडवली, किती वर्षं लागली, हे त्या पुस्तकात नव्हतं. ते मला आपल्याच वर्गात पहिल्यांदा दिसलं. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जून १९७७. आपण नुकतेच नववीत गेलो होतो. मार्चमध्ये लोकसभेची निवडणूक झालेली, आणीबाणी उठलेली. घराघरात रेडिओभोवती माणसं बसलेली आपण पाहिली होती. भीमेपलीकडची पोरं होडीतून येताना निकालावर वाद घालत यायची. वर्गात सेहेचाळीस जण, त्यांत आम्ही मुली अकरा, भिंतीकडच्या तीन बाकांवर. दरवर्षीची पद्धत अशी की मुलांचा मॉनिटर हात वर करून निवडायचा आणि मुलींची मॉनिटर सरांनी नेमायची. त्या वर्षी आमच्यातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमची मॉनिटर आम्ही निवडतो." सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तसा नियम नाही."

मधल्या सुट्टीत आम्ही अकरा जणींनी वहीचं पान फाडून चिठ्ठ्या केल्या आणि कंपासपेटीत टाकल्या. मोजल्या. जी उभी राहून बोलली होती तिलाच आठ मतं पडली. आम्ही तिचं नाव कागदावर लिहून सरांच्या टेबलावर ठेवलं. दोन दिवस सर काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते नाव फळ्यावर लिहिलं. पुढच्या वर्षी शाळेने सगळ्या वर्गांना तोच नियम लावला.

गोष्ट इथे संपत नाही. मॉनिटर झाल्यावर ती तास सुरू नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. मुलांची नावं लिहिली की मागून कोणीतरी येऊन पुसायचं. ती परत लिहायची. पुसणारे आज इथे बसले आहेत, मी त्यांची नावं लिहीत नाही.

पुढे मी जसजशी वाचत गेले, तसं माझ्या लक्षात आलं की देशातल्या मताच्या हक्काची गोष्ट साधारण अशीच घडलेली आहे. आधी मागणं. मग "नियम नाही" हे उत्तर. मग नियमाची वाट न पाहता करून दाखवणं. मग नियम. आणि नियम झाल्यावरही पुसणारा हात असतोच.

आपल्या भागापासून सांगते. दौंड तालुक्यातलं केडगाव आपण सगळ्यांनी पाहिलंय. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन म्हणजे आपल्या लहानपणी रेल्वेतून दिसणारी इमारत. पण याच रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाची मागणी घेऊन उभ्या राहिल्या होत्या. १८८९ मध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा ज्या दहाएक स्त्रिया प्रतिनिधी म्हणून जाऊन बसल्या, त्यांत त्या होत्या. त्या काळी बाईला कुठल्याच कायदेमंडळासाठी मत नव्हतं. पण सभेत प्रतिनिधी म्हणून बसायचं, हे त्यांनी आधी केलं.

मग १९१७ साल आलं. भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्थानात राज्यकारभाराच्या सुधारणांसाठी लोकांचं ऐकायला आले. डिसेंबरमध्ये मद्रासला सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ त्यांना भेटलं आणि म्हणालं, नव्या कायद्यात मताचा हक्क लिहाल तेव्हा 'माणसं' या शब्दात बायकाही धरा. त्यानंतर मताधिकार ठरवण्यासाठी साउथबरो समिती नेमली गेली. तिचं मत पडलं की इथल्या स्त्रियांना मत देण्याची वेळ आलेली नाही. म्हणजे आपल्या सरांचंच उत्तर.

इथे चळवळीने काय केलं ते पाहा. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ मध्ये लंडनला गेल्या आणि तिथल्या संसदेच्या समितीपुढे त्यांनी बाजू मांडली. इकडे पुण्यात सेवासदनच्या रमाबाई रानडे सभा घेत होत्या, सह्या गोळा करत होत्या. शेवटी १९१९ च्या कायद्यात ब्रिटिश संसदेने अंग काढून घेतलं. हक्क दिला नाही, पण दारही बंद केलं नाही. स्त्रियांना मत द्यायचं की नाही हे प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळाने ठरवावं, असं लिहिलं. वरवर पाहता ही टाळाटाळ होती. पण लढाई लंडनहून मुंबईला आली, आणि मुंबईत सभा भरवणं लंडनपेक्षा सोपं होतं. १९२१ मध्ये आधी मद्रासने आणि मग मुंबई इलाख्याने स्त्रियांना मत दिलं. केडगावच्या पंडिता रमाबाई पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये गेल्या.

पण हे मत कोणाला मिळालं? पुरुषांना ज्या अटी होत्या त्याच अटींवर स्त्रियांना. अट होती मालमत्तेची, शेतसाऱ्याची. ज्या बाईच्या नावावर जमीन, तिलाच मत. आपल्या भागात १९२१ मध्ये किती बायकांच्या नावावर जमीन असेल? आजही हात वर करायला सांगितले तर मोजकेच हात येतील. म्हणजे कायदा आला, पण तुमच्या-माझ्या आजीपर्यंत पोचला नाही.

तिच्यापर्यंत तो पोचवण्याचं काम दुसऱ्या एका चळवळीने केलं, आणि ही गोष्ट आपण फारशी सांगत नाही. जानेवारी १९१९ मध्ये त्याच साउथबरो समितीपुढे मुंबईत एका तरुण प्राध्यापकाने साक्ष दिली. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मालमत्तेच्या अटीने अस्पृश्य समाजाला मतदारयादीत जागाच उरत नव्हती, हा त्यांचा मुद्दा होता. नऊ वर्षांनी सायमन आयोग आला. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात बाबासाहेबांची साक्ष झाली. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मागणी होती ती सर्व प्रौढांना मत, बाई असो की पुरुष, जमीन असो की नसो, शिक्षण असो की नसो. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आदल्याच वर्षी झालेला होता. ज्या माणसांनी तळ्याचं पाणी हातात घेतलं, त्यांच्या वतीने मताची मागणी केली जात होती. म्हणून त्या मागणीला वजन होतं.

आणि पुण्याचीच तिसरी गोष्ट. जानेवारी १९२७ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली. विषय होता मुलींचं शिक्षण. पण चारपाच वर्षांतच या परिषदेतल्या स्त्रिया म्हणू लागल्या की आम्हाला राखीव जागांची मेहरबानी नको, सरसकट सर्व प्रौढांना मत द्या. १९३५ च्या कायद्याने काही शिकलेल्या बायकांना आणि मालमत्तावाल्यांच्या पत्नींना मत दिलं, बाकीच्या तशाच राहिल्या. तरी मागणी सुटली नाही. म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना स्वीकारली गेली तेव्हा कलम ३२६ मध्ये सर्व प्रौढांना मत आलं. त्या वेळी वयाची अट २१ होती, ती १८ झाली १९८९ मध्ये. मी स्वतः पहिलं मत दिलं ते १९८४ ला, एकवीस पूर्ण करून.

आपण म्हणतो, घटनेने एका फटक्यात सगळ्यांना मत दिलं. खरं आहे, पण त्या फटक्यामागे तीस-बत्तीस वर्षांचं मागणं होतं.

कायद्यानंतर काय झालं, तेही सांगते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याद्या करायला माणसं घरोघर गेली. बायका आपलं नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची आई, असं सांगायच्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावं यादीत घ्यायला नकार दिला. आठ कोटींच्या आसपास स्त्री मतदारांतल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं त्यामुळे गळली, बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतली. त्या वेळी ओरड झाली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायका नावं सांगू लागल्या. माझ्या आजीला घरात सगळे 'थोरली' म्हणायचे. तिचं स्वतःचं नाव छापलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते मतदारयादीत. मी तेव्हा दुसरीत होते. मी ते वाचून दाखवलं तर ती लाजली, आणि म्हणाली, "परत वाच."

आता मत देण्यावरून निवडून येण्याकडे वळते, कारण आपल्या पिढीने पाहिलेला बदल तो आहे.

मी जन्मले त्या वर्षी, १९६३ ला, आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यात नीरेच्या काठी निंबूतला एक नवल घडलं. सगळी ग्रामपंचायत बायकांची निवडून आली. कमलाबाई काकडे प्रमुख होत्या, आणि १९६८ पर्यंत त्या पंचायतीने कारभार केला. तेव्हा कायद्यात बायकांसाठी काय होतं? एखाद-दोन स्त्रियांना सदस्य म्हणून घेण्याची सोय, बस. निंबूतने कायद्याची वाट पाहिली नाही. त्यानंतरही महाराष्ट्रात अधूनमधून अशा पूर्ण महिला पंचायती झाल्या. पुण्याच्या 'आलोचना' या संस्थेने पुढे त्यांचा अभ्यास केला. त्या इंग्रजी पुस्तकाचं नाव मराठीत सांगायचं तर 'मग चपात्या कोण करणार?' असं आहे. आपल्याकडे हा प्रश्न 'भाकरी कोण थापणार' असा विचारतात, एवढाच फरक.

१९७४ मध्ये देशातल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल आला. कायदेमंडळात स्त्रियांना राखीव जागा असाव्यात का, यावर समितीतच एकमत नव्हतं. बहुमत म्हणालं, नको. लतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी वेगळं मत लिहून ठेवलं. जुन्या पिढीला वाटत होतं की समान हक्क मिळाला की बाकी आपोआप होईल. पंचवीस वर्षांचे निकाल पाहिल्यावर नवी पिढी म्हणू लागली की आपोआप होत नाही. चळवळीत असे मतभेद झाले म्हणून ती मोडली, असं समजू नये. मागणी कुठली करायची हे ठरायलाही काही वर्षं जातात.

मग शेतकरी संघटना. शरद जोशी शेती करायला आले ते आपल्या शेजारच्या खेड तालुक्यात, आंबेठाणला. चाकणच्या कांदा आंदोलनाच्या वेळी आपण दहावी-अकरावीत होतो. कांद्याचा भाव आपल्या घरच्या जेवणाचा विषय होता, म्हणून ते आंदोलन आपल्याला आठवतं. पण त्याच संघटनेने ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, ते आपल्यातल्या पुरुषांना फारसं आठवत नाही. लाखांच्या संख्येने बायका आल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, कडेवर पोर, पदरात भाकरी. तिथे ठरलं की पंचायत राज्याच्या निवडणुका बायकांनी लढवायच्या, आणि एकदोन जागांवर नाही, सगळ्या जागांवर. त्यानंतर १९८९ च्या ग्रामपंचायत निवडणुकांत जळगाव जिल्ह्यात विटनेर, यवतमाळ जिल्ह्यात मेटीखेडा अशा गावांत पूर्ण महिलांची पॅनेल निवडून आली.

१९९० मध्ये महाराष्ट्र सरकारने स्थानिक संस्थांत स्त्रियांना ३० टक्के जागा राखून ठेवल्या. दिल्लीत तेव्हा काय चाललं होतं? १९८९ मध्ये पंचायत राज्याचं ६४ वं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडलं होतं. मग डिसेंबर १९९२ मध्ये ७३ वी दुरुस्ती संसदेने मंजूर केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. एक तृतीयांश जागा स्त्रियांना, सरपंचपदांतही. २०११ पासून महाराष्ट्रात हे प्रमाण निम्मं झालं.

मी असं म्हणणार नाही की चांदवड झालं म्हणून कायदा झाला. सरकारांची आपली गणितं असतात, पक्षांची असतात. स्त्रीमतदार आपल्याकडे यावा असं प्रत्येकाला वाटत होतं. पण "बायका उभ्या राहायला तयार आहेत का? निवडून आल्या तर कारभार जमेल का?" हे दोन प्रश्न जे लोक विधानसभेत आणि संसदेत विचारायचे, त्यांची उत्तरं निंबूत, चांदवड, विटनेर यांनी आधीच देऊन ठेवली होती. माझ्या मते चळवळ कायद्यावर परिणाम करते तो असा. कायदा लिहिणारा माणूस चळवळीतला नसतो. पण तो लिहायला बसतो तेव्हा "हे होणारच नाही" असं म्हणायची सोय चळवळीने काढून घेतलेली असते. सरांच्या टेबलावर आमच्या अकरा चिठ्ठ्यांनी हेच केलं होतं.

मग लोकसभा-विधानसभेचं काय? पंचायतीतलं आरक्षण विधेयक पडल्यापासून चार वर्षांत आलं. लोकसभा-विधानसभेतलं एक तृतीयांश आरक्षण पहिल्यांदा १९९६ मध्ये मांडलं गेलं आणि मंजूर झालं सप्टेंबर २०२३ मध्ये. सत्तावीस वर्षं. मधे २०१० मध्ये राज्यसभेने मंजूर केलं, लोकसभेत ते आलंच नाही. आणि २०२३ मध्ये मंजूर झालं तेही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर लागू होईल, या अटीवर. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. इतका फरक का? मला सरळ उत्तर दिसतं. पंचायतीचा कायदा करताना खासदार दुसऱ्याच्या जागा देत होते. इथे स्वतःच्या द्यायच्या होत्या.

आता कायद्यानंतरची गोष्ट. आणि इथे मला आपल्याच एका मैत्रिणीबद्दल बोलायचंय. तिची परवानगी घेतली आहे. नाव घ्यायचं नाही, असं तिने सांगितलं आहे.

आमची ती नववीतली मॉनिटर. नववीची परीक्षा दिली आणि तिचं लग्न झालं. दहावीच्या आपल्या फोटोत ती नाही. वीस वर्षांनी, १९९७ च्या सुमारास, तिच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. घरच्यांनी तिचा अर्ज भरला. ती निवडून आली, हारतुरे झाले. हार तिच्या गळ्यात, सत्कार तिच्या मालकांचा. बैठकीला ते खुर्चीवर बसायचे आणि ठराव वही घरी यायची. ती चुलीपुढून उठायची, हात पुसायची, जिथे बोट ठेवलं असेल तिथे सही करायची. आठ महिने असं चाललं. तिने मला सांगितलं, "मला वाटायचं, सरपंच म्हणजे सही करणारी बाई."

एक दिवस वही आली तेव्हा तिने पान उलटून मागचा ठराव वाचायला घेतला. नळयोजनेच्या दुरुस्तीचं बिल होतं. ज्या वस्तीची दुरुस्ती लिहिली होती, तिथल्या बायका रोज तिच्या दारावरून हंडे घेऊन जात होत्या. ती म्हणाली, "हे वाचल्याशिवाय आणि पाहिल्याशिवाय सही नाही." घरात जेवण वाढलं गेलं नाही, असे दोन दिवस गेले. पण धनादेशावर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही लागायची. तिच्या सहीशिवाय काही हलेना. तिसऱ्या दिवशी ती स्वतः कार्यालयात गेली आणि खुर्चीवर बसली. पुढची चार वर्षं तीच बसली. त्या वस्तीला पाणी यायला आणखी दीड वर्ष लागलं, पण आलं.

मी तिला विचारलं, "तुला हे सुचलं कसं?" ती हसली. म्हणाली, "फळ्यावरचं नाव पुसायचे तेव्हा मी काय करत होते?"

सगळीकडे असं होत नाही, हेही सांगायला हवं. उभी बाटली, आडवी बाटली हे मतदान तुम्हाला माहीत आहे. दारूबंदीसाठी गावोगावच्या बायकांनी मोर्चे काढले, दुकानांपुढे बसल्या, तेव्हा सरकारने बायकांच्या मतावर दुकान बंद करण्याची तरतूद आणली. २००८ च्या आदेशाने ती पक्की झाली. पण अट अशी की मतदानाला आलेल्यांतल्या निम्म्या बायका पुरत नाहीत, यादीत जितक्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. मी एका गावी असं मतदान पाहिलं. आलेल्या बायकांतल्या दहापैकी नऊ जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, आणि तरी दुकान चालू राहिलं. का? यादीत वारलेल्या बायकांची नावं होती, लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावं होती. त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्यासारख्या झाल्या. तिथली एक म्हातारी मला म्हणाली, "माझी मेलेली जाऊ दारूच्या बाजूने उभी राहिली गं." मी यादीचं काम अनेक वर्षं केलं आहे. यादी नीट नसली की हक्क कसा वाया जातो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हा मला स्वतःचीही लाज वाटली. कारण असली नावं कमी करण्याचा कंटाळा मीही कधीतरी केला होता.

आणखी एक गोष्ट आपल्या दारातलीच आहे. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके ज्या पुणे जिल्हा परिषदेत येतात, तिथे मार्च २०२२ पासून प्रशासक होता. पंचायत समित्यांचंही तेच. निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत. म्हणजे कायद्याने निम्म्या जागा बायकांना दिल्या आणि त्या जागा कित्येक वर्षं रिकाम्या राहिल्या. पुरुषांच्याही रिकाम्या राहिल्या, हे खरं. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खुर्ची होती त्यांना ती नसली तरी तालुक्यात कोणीतरी ओळखीचं असतं. ज्या बाईला खुर्चीशिवाय कोणी ओळखत नाही, तिचं सगळंच थांबतं. यावर आपल्या गावात कोणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही. मीही काढला नाही.

म्हणून या व्यासपीठावरून माझी तीन मागणी आहेत, आणि ती सरकारकडे नाहीत, तुमच्याकडे आहेत.

पहिली. आपण सगळे साठी ओलांडलेले आहोत, वेळ आहे. आपापल्या गावची मतदारयादी एकदा बसून वाचा. नाव घालायला सहा नंबरचा फॉर्म, कमी करायला सात नंबरचा, दुरुस्तीला आठ नंबरचा. नव्या सुनांची नावं अनेक घरांत वर्षानुवर्षं माहेरच्या यादीत राहतात. तुमच्या घरापासून सुरुवात करा.

दुसरी. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. ती खरोखर होते की नुसत्या सह्या फिरतात, हे पाहा. माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही जा. शहरात राहत असाल तर सुट्टीत गावी येता तेव्हा जा, आणि पाठीमागे बसू नका.

तिसरी मागणी माझ्या वर्गमित्रांकडे आहे. तुमच्यापैकी तिघे-चौघे असे आहेत ज्यांच्या घरात पत्नी, सून किंवा वहिनी सरपंच झाली, सदस्य झाली. कामात तुम्ही मदत केलीत, ती करायलाच हवी. पण खुर्ची तिची आहे. बैठकीच्या दिवशी तुम्ही घरी थांबा. स्वयंपाक येत नसेल तर शिका. भाकरी कोण थापणार, या प्रश्नाचं उत्तर एवढ्या वर्षांनी तुम्ही द्यायला हरकत नाही.

आपल्या सरांबद्दल बोलून थांबते. सर आता नाहीत. त्या दिवशी "नियम नाही" म्हणाले म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. नियम नव्हता, हे खरंच होतं. पण टेबलावर कागद आल्यावर त्यांनी तो फाडला नाही. दोन दिवस विचार केला आणि फळ्यावर नाव लिहिलं. ज्यांच्या हातात खडू आहे त्यांनी एवढं केलं तरी खूप होतं. आणि ज्यांच्या हातात खडू नाही त्यांनी कागद टेबलावर ठेवणं सोडू नये.

आमची मॉनिटर तिसऱ्या रांगेत बसली आहे. दहावीच्या फोटोत ती नव्हती. आजचा फोटो काढताना तिला मधे उभं करा, एवढी विनंती.